बांधावरची बंदूक

शेतजमिनीच्या हद्दीवरून झालेल्या रक्तपाताची वार्ता वाचताना वाचकाच्या मनात एक चित्र आपोआप उभे राहते : एक मालक, एक घुसखोर आणि त्या दोघांमध्ये निमूट पडलेली जमीन. हे चित्र इतके सुबोध असते की ते खरेच असावे असे वाटू लागते; परंतु ज्यांनी महसुली दफ्तरात अथवा दिवाणी न्यायालयाच्या पडवीत थोडा काळ घालविला आहे, त्यांना हे पुरते ठाऊक असते की अशा बहुतेक तंट्यांत बांधाच्या दोन्ही बाजूंना मालकच उभे असतात, दोघांच्याही हातांत सातबाराचे उतारे असतात आणि आपण वाडवडिलांच्या मातीचे रक्षण करीत आहोत अशी दोघांचीही प्रामाणिक खात्री असते. स्वतःला चोर समजून कुऱ्हाड उचलणारा मनुष्य विरळा. धनी म्हणून ती उचलली जाते, आणि म्हणूनच उचलणाऱ्याच्या मनाला त्या क्षणी कसलीही शंका शिवत नाही.

या विषयावर दोन गृहस्थांचे एक दीर्घ संभाषण मला ऐकावयास मिळाले. त्यांपैकी एक साताऱ्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखातले शेतकरी. मुलकी पाटीलकीची वतने कायद्याने संपुष्टात येऊन साठ वर्षे उलटली, तरी गाव त्यांना अद्यापि पाटील म्हणूनच ओळखते. दुसरे महसूल खात्यात अव्वल कारकुनीपासून तहसीलदारीपर्यंत चढून सेवानिवृत्त झालेले. त्यांना जुन्या रिवाजाप्रमाणे सारे रावसाहेब म्हणतात. प्रसंग असा घडला होता : पाटलांच्या शेजाऱ्याने भल्या पहाटे ट्रॅक्टर व चार इसम आणून सामाईक बांध फोडला आणि बांधालगतच्या उभ्या जोंधळ्यात नांगर घातला; रानडुकरांपासून पिकाच्या संरक्षणासाठी परवान्याने बाळगलेली बारा बोअरची बंदूक घेऊन पाटील धावले; बंदूक उडाली नाही, शेजारी ट्रॅक्टर घेऊन माघारी गेला. पाटील हे सारे विजयाच्या स्वरात सांगत होते. रावसाहेबांच्या मुद्रेवर मात्र चिंतेवाचून दुसरे काही दिसत नव्हते.

पाटील : रावसाहेब, आपण उभा जन्म कायदा राबविण्यात घालविला, म्हणून आपल्यालाच विचारतो. माझ्या उभ्या पिकात नांगर चालतो आहे हे मी पोलीस ठाण्याला फोनवर कळविले, तर उत्तर आले की हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. मागच्या साली त्याने असाच बांध कोरला, तेव्हा लेखी अर्ज दिला होता. त्याची अदखलपात्र म्हणून नोंद झाली आणि पुढे दोघांवरही चॅप्टर केस लागली. म्हणजे ज्याने बांध फोडला त्याने तालुक्याला हेलपाटे घातले आणि ज्याचा फुटला त्यानेही. मोजणीची फी भरली. भूकरमापक आले त्या दिवशी शेजारी बांधावर आडवा झाला आणि ते पंचांच्या सह्या घेऊन माघारी गेले. ज्याने सरकारचे सगळे दरवाजे ठोठावून पाहिले, त्याने शेवटी स्वतःच्या दारातून बंदूक घेऊन बाहेर पडू नये, तर काय करावे?

रावसाहेब : तुम्ही दरवाजे ठोठावले हे खरे, आणि ते उघडले नाहीत हेही खरे. पोलिसांचे उत्तर चुकीचे होते, हे मी प्रथमच मान्य करतो. दुसऱ्याच्या ताब्यातील जमिनीत त्याला धाक घालण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने शिरणे हा गुन्हा आहे आणि तो दखलपात्र आहे. त्याला दिवाणी म्हणून झटकून टाकण्याचा अधिकार ठाणे अंमलदाराला नाही. जमिनीच्या ताब्यावरून शांततेचा भंग होण्याचा संभव असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याने, मालकीच्या खोलात न शिरता, त्या तारखेला ताबा कोणाचा होता एवढेच ठरवावे, आणि मागच्या दोन महिन्यांत कोणाला बळजबरीने हुसकले असेल तर तोच ताब्यात होता असे समजावे, अशी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४५ व्या कलमात होती आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १६४ व्या कलमात ती तशीच आहे. ती वापरली जात नाही, हा आम्हा अंमलदारांचा दोष. पण पाटील, पोलिसांच्या चुकीने तुमची बंदूक बरोबर ठरत नाही. तिचा हिशेब स्वतंत्र आहे.

पाटील : तो हिशेबही माझ्या मुलाने मला वाचून दाखविला आहे. स्वतःच्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. मी काही कोणाच्या घरावर चालून गेलो नव्हतो.

रावसाहेब : दिला आहे, आणि उदार हाताने दिला आहे. १८३७ साली मेकॉलेच्या आयोगाने दंडसंहितेचा पहिला मसुदा केला, तेव्हा येथील लोक अन्याय निमूटपणे सोसतात, त्यांच्या स्वसंरक्षणाच्या वृत्तीला आवर घालण्यापेक्षा तिला उत्तेजन देणे हितावह, असाच त्या मसुदाकारांचा अभिप्राय होता. १८६० च्या संहितेत हा हक्क ९६ पासून १०६ पर्यंतच्या कलमांत आला आणि २०२३ च्या न्याय संहितेत तो ३४ पासून ४४ पर्यंतच्या कलमांत जवळजवळ शब्दशः राहिला. परंतु त्याच कलमांत पायऱ्या आहेत. जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, किंवा मृत्यूची अथवा जबर दुखापतीची वाजवी भीती उत्पन्न होईल अशा रीतीने केलेली चोरी, नासधूस किंवा घरातील शिरकाव, एवढ्याच प्रसंगी मालमत्तेसाठी प्राण घेण्यापर्यंत हक्क पोहोचतो. शेतातल्या साध्या शिरकावासाठी तो मृत्यूच्या अलीकडे थांबतो. मृत्यूवाचून अन्य इजा, आणि तीही संरक्षणाला आवश्यक तेवढीच. आता मला सांगा, बारा बोअरच्या बंदुकीतून ‘आवश्यक तेवढीच’ इजा कशी करता येते? काठी मारणाऱ्याचा हात पायावर मारताना हलका होऊ शकतो. माणूस पडला की थांबू शकतो. छर्ऱ्यांना ते कळत नाही. ते ट्रॅक्टर चालविणाऱ्या मजुरालाही लागतील, ज्याला रोजंदारीपलीकडे तुमच्या तंट्याची माहिती नाही. कायद्याने तुम्हाला ज्या मापाचा हक्क दिला, त्या मापात न मावणारे साधन घेऊन तुम्ही बांधावर गेलात.

पाटील : मी ती झाडली नाही. दाखविली मात्र, आणि तेवढ्याने काम झाले. पोलीस वर्षभरात जे करू शकले नाहीत ते पाच मिनिटांत झाले.

रावसाहेब : झाले खरे. पण शेजारी माघारी गेला तो काय समजून गेला? आपला दावा खोटा आहे, असे समजून? तो असे समजून गेला की पुढच्या खेपेस रिकाम्या हाताने येऊ नये.

या उत्तरावर पाटील काही काळ बोलले नाहीत, आणि माझ्या मते संपूर्ण संभाषणाचा मर्मबिंदू येथेच होता. शस्त्र दाखवून मिळविलेली माघार ही निकालासारखी दिसते, परंतु निकालाने वाद मिटतो तसा तिने मिटत नाही; तिने केवळ पुढच्या भेटीचे स्वरूप ठरते. गावोगावच्या अशा प्रकरणांची कागदपत्रे चाळली तर पहिली पायरी बहुधा शिवीगाळीची, दुसरी लाठीकाठीची, तिसरी फावडे-कुऱ्हाडीची असते, आणि प्रत्येक पायरी चढताना चढणाऱ्याची समजूत अशी असते की समोरचा आता भिईल. समोरच्याचीही नेमकी तीच समजूत असते. शेवटी जेव्हा दोन्ही बाजू सज्ज होऊन एकमेकांवर तुटून पडतात, तेव्हा न्यायालये त्याला खुली मारामारी म्हणतात आणि अशा मारामारीत स्वसंरक्षणाचा हक्क कोणालाच उरत नाही. ज्याची जमीन खरोखर गेली होती त्यालाही नाही.

रावसाहेबांनी यानंतर एक जुना खटला सांगितला. पंजाबातील, आजच्या हरियाणातील, अहरोद नावाच्या गावी एका शेताच्या ताब्यावरून गावकऱ्यांचा जमाव शेत नांगरणाऱ्या पक्षावर चालून आला; नांगरणाऱ्यांकडे बंदुका होत्या; गोळ्या सुटल्या आणि अनेक माणसे मेली. सर्वोच्च न्यायालयात त्या प्रकरणाचा निकाल साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती पी. बी. गजेंद्रगडकरांनी लिहिला, आणि तो १९६३ सालच्या निकालसंग्रहांत आजही वकीलमंडळी काढून दाखवितात.

रावसाहेब : या निकालात बचाव करणाऱ्याला मोठी सहानुभूती दाखविली आहे. प्राणावर बेतलेल्या माणसाने प्रत्येक घाव तोलून मापून घालावा अशी अपेक्षा कायदा करीत नाही, असे न्यायमूर्तींनी स्पष्ट म्हटले आहे. तरीही ज्या दोघांनी, जमाव पळू लागल्यावर, दूर गेलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या, त्यांना दोषी ठरविणे कायम झाले. कारण भीती संपली त्या क्षणी हक्कही संपला. पाटील, हे दोघे पहिल्या क्षणी कदाचित निर्दोष असतील. बंदूक हातात होती म्हणून दुसरा क्षण आला.

पाटील : आपण मला एका बाजूचे निकाल सांगता. माझ्या वकिलांनी दुसरा सांगितला आहे. १९६८ सालच्या निकालसंग्रहांतल्या दिल्लीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जो शांतपणे जमीन कसतो आहे, त्याच्यावर कोणी बळाने चालून आले तर त्याने पाय लावून पळून जावे अशी कायद्याची अपेक्षा नाही. आणि त्या लोकांनी नुसता धाक दाखविला नव्हता, मारामारीही केली होती. तरी ते निर्दोष सुटले.

रावसाहेब : सुटले, आणि योग्य सुटले. पण त्या प्रकरणात चालून आले होते कोण, हे वकिलांनी सांगितले का? शेतावर होते ते पिढीभर कूळ म्हणून कसणाऱ्या कुटुंबातले लोक, आणि चालून आला तो पक्ष खरेदीचे कागद आणि सरकारी ताबापावती घेऊन आला होता. न्यायालयाने म्हटले, कागदावर दिलेला ताबा हा प्रत्यक्ष ताबा नव्हे. कुळाची वहिवाट कायद्याच्या मार्गाने संपविलेली नाही, तोवर ती राखण्याचा त्यांना हक्क आहे. पुढे १९७५ साली पंजाबातल्या दुसऱ्या एका प्रकरणात याहून स्पष्ट कसोटी घालून दिली : ताबा स्थिर असावा, उघड असावा, मालकाला ठाऊक असावा, आणि शेतजमीन असेल तर उभे पीक कोणी पेरले आहे ते पाहावे. एखाद्या रात्रीत घुसून खुंटा ठोकला म्हणून ताबा होत नाही. अशा माणसाला मालक आवश्यक तेवढ्या बळाने बाहेर काढू शकतो. पण घुसखोराने उघडपणे पीक पेरून ते वाढविले असेल, तर खुद्द मालकालाही ते पीक बळाने उपटण्याचा अधिकार राहत नाही, आणि त्याने तसे केले तर उलट त्या घुसखोराला संरक्षणाचा हक्क येतो.

पाटील : म्हणजे चोराला कायदा राखतो!

रावसाहेब : म्हणजे कायदा वहिवाट राखतो, आणि मालकी ठरविण्याचे काम दिवाणी न्यायालयाकडे ठेवतो. तुम्हाला हे अन्यायाचे वाटते. आता मी एक प्रश्न विचारतो. राग मानू नका. तुमच्या या रानाचा गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर यांचा मेळ बसतो का?

पाटलांनी या प्रश्नाचे उत्तर लगेच दिले नाही. १९४७ साली मुंबई इलाख्यात जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा व त्यांचे एकत्रीकरण करणारा कायदा झाला, आणि पुढील दशकांत गावोगावी एकत्रीकरणाच्या योजना लागू होऊन जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. हेतू उत्तम होता : विखुरलेले वावर एका जागी यावे, एकाच शेतकऱ्याला चार दिशांना बैल न्यावे लागू नयेत. परंतु कित्येक गावांत असे झाले की कागदावर अदलाबदल झाली आणि जमिनीवर झाली नाही; ज्याला कागदाने पश्चिमेचे रान मिळाले तो आपल्या बापाने खत घातलेले पूर्वेचे रान सोडावयास तयार झाला नाही, समोरचाही झाला नाही, आणि दोन पिढ्या गुण्यागोविंदाने परस्परांच्या नावावरची जमीन कसत राहिल्या. तिसऱ्या पिढीला कर्ज काढावयाचे होते किंवा जमीन विकावयाची होती, तेव्हा उतारा निघाला, आणि काल जो शेजारी होता तो आज अतिक्रमणदार झाला. इंदापूर तालुक्यात १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी ज्या पद्धतीची पाहणी सुरू केली, तिचे हद्दीचे दगड कित्येक ठिकाणी शंभर वर्षे तंटे आवरून धरीत होते. ते दगड नांगराखाली गेले, वाहून गेले, कधी हेतुपुरस्सर उपटले गेले, आणि त्यांची जागा स्मरणाने घेतली. स्मरण मात्र बांधाच्या दोन बाजूंना दोन असते.

पाटील : (काही वेळाने) एकत्रीकरणात आमचा गट ओढ्याच्या अलीकडे दाखविला आहे. आम्ही कसतो ते पलीकडचे. पण आजोबांपासून कसतो. त्याच्या आजोबांनी कधी ब्र काढला नाही.

रावसाहेब : तेव्हा कागद पाहिला तर घुसखोर तुम्ही आहात.

पाटील : रावसाहेब!

रावसाहेब : कागद पाहिला तर, असे म्हणालो. वहिवाट पाहिली तर तुम्ही कब्जेदार आहात, तुमचा जोंधळा उभा आहे, आणि त्याला बळाने नांगर घालण्याचा अधिकार नाही, जरी उताऱ्यावर त्याचे नाव असले तरी. ज्या तत्त्वाला तुम्ही आता चोराचा कैवारी म्हणालात, तेच तत्त्व आज तुमच्या बांधावर उभे आहे. शेजारी काय म्हणत असेल याचा विचार करा. तो घरी सांगत असेल की माझ्या नावावरच्या जमिनीत मी नांगर घातला आणि घुसखोराने माझ्यावर बंदूक रोखली.

मला या वाक्याने जे वाटले ते येथे नमूद करणे प्राप्त आहे. रक्तपाताच्या अशा कथा आपण वाचतो तेव्हा आपली सहानुभूती आपण कोणाला मालक मानतो यावर ठरते, आणि मालक कोण हे आपण बहुधा पहिल्या दोन ओळींत ठरवून टाकतो. उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात उम्भा गावी १७ जुलै २०१९ रोजी जे घडले ते आठवावे. तेथे गोंड आदिवासी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली नव्वद-एक बिघे जमीन १९५५ पासून एका सहकारी संस्थेच्या नावे चढलेली होती, तिथून ती व्यक्तींच्या नावे गेली, आणि पुढे तिची खरेदीखते झाली. खरेदीदाराचा पक्ष त्या दिवशी ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून माणसे आणि बंदुका घेऊन ताबा घ्यावयास आला. कसणाऱ्यांनी विरोध केला. गोळीबारात दहा माणसे त्या दिवशी मारली गेली, त्यांत स्त्रियाही होत्या. मारणाऱ्यांच्या दृष्टीने ते घुसखोरांना हटवीत होते. त्यांच्या खिशात कागद होता. कागदाने त्यांना जे धैर्य दिले, तेच धैर्य पाटलांना वहिवाटीने दिले होते, आणि या दोन धैर्यांमध्ये बंदुकीच्या चापापाशी कोणताही फरक उरत नाही.

पाटलांना मात्र ही तुलना अन्यायाची वाटली, आणि त्यांचा संताप मला समजण्यासारखा होता.

पाटील : आपण मला त्या लोकांच्या रांगेत बसवू नका. ते पैशाने आणि माणसांनी बळकट होते. गरिबाला बंदूक कोठून? माझ्यासारखा मनुष्य बंदूक उचलतो तो त्याच्याकडे दुसरे काही नसते म्हणून. आपण म्हणता दिवाणी न्यायालयात जा. २०१६ साली बंगळूरच्या दक्ष नावाच्या संस्थेने पाहणी केली. दिवाणी वादांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जमीनजुमल्याचे निघाले, असे मुलाने वाचून दाखविले. या एवढ्या गर्दीत माझा नंबर कधी लागणार? आणि दुसऱ्याने बारा वर्षे कब्जा टिकविला की तो प्रतिकूल ताब्याने मालक होतो. थांबणाऱ्याची जमीन जाते आणि घुसणाऱ्याची होते. जो कायदा थांबा म्हणतो तोच कायदा थांबण्याबद्दल शिक्षा देतो. मग आपण मला सांगा, हिंसा कोणी उत्पन्न केली?

रावसाहेब : निम्मी शासनाने. हे मी लिहून द्यावयास तयार आहे. मोजणी वेळेवर झाली असती, भूकरमापकाला त्या दिवशी पोलीस बंदोबस्त मिळाला असता, तुमच्या पहिल्या अर्जावर १४५ खाली चौकशी झाली असती, तर तुम्ही बंदूक घेऊन बाहेर पडला नसता. पण सगळा कायदा वर्षानुवर्षे चालतो, हा तुमचा समज पुरा बरोबर नाही. मामलेदार न्यायालयाचा १९०६ चा कायदा आजही जिवंत आहे. शेतजमिनीतून बेकायदा हुसकले, वाट अडविली, पाणी अडविले, तर सहा महिन्यांच्या आत साधा अर्ज तहसीलदाराकडे द्यावा. तो स्थळपाहणी करतो, पंचनामा करतो आणि ताबा परत देवविण्याचा हुकूम करू शकतो. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या सहाव्या कलमाखाली दिवाणी न्यायालयात सहा महिन्यांत दावा आणला, तर मालकी कोणाची हा प्रश्नच विचारला जात नाही; बळाने हुसकले का, एवढेच पाहतात. या दोन्ही वाटा कब्जेदाराच्या आहेत, म्हणजे तुमच्या. मुदत सहा महिन्यांची आहे ती मुद्दाम. हुसकलेल्याने लवकर यावे म्हणून. किती जण येतात? लोक सहा महिने एकमेकांचे बांध कोरण्यात घालवितात आणि सातव्या महिन्यात वकिलाकडे जातात.

पाटील : आणि त्या सहा महिन्यांत गाव काय म्हणते? पाटलाच्या रानात नांगर घातला आणि पाटील अर्ज लिहीत बसला. माझा मुलगा कोणत्या तोंडाने पारावर बसेल?

अब्रूचा हा प्रश्न आपण शहरी लोक तुच्छ मानतो, आणि त्यात आपली मोठी चूक होते. जमिनीच्या तंट्यात जाणारा जीव चार गुंठ्यांसाठी जात नाही. चार गुंठ्यांचे मोल दोन्ही पक्षांना ठाऊक असते आणि खटल्याचा खर्च त्याहून अधिक होईल हेही ठाऊक असते. गावात आपण ज्या नावाने ओळखले जातो ते नाव बांधाबरोबर कोरले जात आहे, या जाणिवेने माणूस विवेक गमावतो. आणि हा विकार अशिक्षितांचा अथवा खेड्यांचाच आहे असेही नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, जमिनीच्या वादासाठी दोन पक्ष जमले असता, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच एका विद्यमान आमदाराने प्रतिपक्षाच्या नेत्यावर गोळ्या झाडल्या. त्या प्रकरणाचा न्याय न्यायालय करील. परंतु कायद्याच्या खुर्चीसमोर, रक्षकांच्या देखत, ज्याला सर्व शासकीय दरवाजे खुले होते अशा माणसाच्या हातूनही असे घडते, तेव्हा केवळ दरवाजे बंद असल्याने बंदूक बाहेर पडते हे पाटलांचे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. बंदूक जवळ असणे हेही एक कारण आहे. रानडुकरासाठी दिलेला परवाना मनात कधी शेजाऱ्यापर्यंत पसरतो ते बाळगणाऱ्यालाही कळत नाही.

रावसाहेब : मुलगा पारावर बसेल की तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत, एवढाच प्रश्न आहे. संरक्षणाचा हक्क सद्‌हेतूने वापरताना मर्यादा ओलांडली गेली तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. ही कायद्याची दयाच. पण ती दया पदरात पडेपर्यंत तुमचे रान कोण कसील? आणि उद्या तो कुऱ्हाड घेऊन अंगावर आला, तर गोष्ट जमिनीची राहत नाही. देहाच्या रक्षणाचा हक्क मोठा आहे आणि तो तुम्हाला आहेच. त्याचा निमित्त म्हणून उपयोग करण्यासाठी बांधावर जाऊ नका, एवढेच मी सांगतो. जोंधळ्याची भरपाई देवविता येते.

पाटील : आणि कायमचा मार्ग?

रावसाहेब : २०२३ साली राज्य सरकारने सलोखा नावाची योजना काढली. एकाच्या नावावरची जमीन दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याच्या नावावरची पहिल्याकडे, असा ताबा किमान बारा वर्षे असेल, तर दोघांनी अदलाबदलीचा दस्त करावा. मुद्रांक शुल्क एक हजार, नोंदणी फी एक हजार. तुमच्या ओढ्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या रानासाठीच जणू ती लिहिली आहे.

पाटील : तिला त्याची संमती लागते. आणि त्याच्या ट्रॅक्टरला माझ्या बंदुकीखेरीज कशाची भाषा कळते असे मला अजून वाटत नाही.

रावसाहेब : संमतीसाठी त्याच्याकडे मी जाईन. पण तुमची बंदूक आधी त्या बांधावरून उतरली पाहिजे. ती तेथे असेतो तो माझ्याशी बोलणार नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

यावर बराच वाद झाला. रानडुकरांचा उपद्रव खरा असल्याने परवाना सोडण्यास पाटील तयार झाले नाहीत, आणि रावसाहेबांनीही तसा आग्रह धरला नाही. ओढ्याकडच्या रानात बंदूक न्यावयाची नाही, एवढे ठरले. मग मामलेदार न्यायालयातील अर्जाचा मसुदा लिहावयास घेतला. चतुःसीमा, गट नंबर, जुना सर्व्हे नंबर, पिकाचे वर्णन, ई-पीक पाहणीत पाटलांच्या मुलाने शेतात उभे राहून काढलेले छायाचित्र, नांगर घातल्याची तारीख व वेळ हे सारे क्रमाने आले. आपण त्या प्रसंगी बंदूक घेऊन गेलो होतो ही गोष्ट अर्जात लिहिण्यास पाटलांचा सक्त विरोध होता. रावसाहेबांचे म्हणणे असे की प्रतिपक्ष ती सांगणारच, तेव्हा ती आपण आधी आणि यथार्थ सांगावी. शेवटी पाटील कबूल झाले, परंतु एका अटीवर : त्याच परिच्छेदात, त्याच पहाटे, किती वाजता पोलीस ठाण्याला फोन केला आणि ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे उत्तर मिळाले, हेही लिहिले पाहिजे. जन्मभर खात्याची बाजू राखलेल्या रावसाहेबांनी ते वाक्य स्वतःच्या हाताने लिहिले आणि अर्ज सहीसाठी पाटलांपुढे सरकविला.